पाळण्यातला लॅपटॉप

"झालंच की!" असं आक्का म्हणाल्या की समजायचं, अजून काहीच झालेलं नाही. सुई हवेत आहे, तुम्ही खुर्चीची कड गच्च धरून बसला आहात आणि आक्का दंडावर कापूस फिरवत सांगतायत, "झालंच की! कुठं काय दुखलं?" मग सुई जायची. मग तुम्ही बोंबलायचात. तोवर त्या पाठ फिरवून हात धुवायला गेलेल्या असायच्या. परंड्यातल्या आमच्या गल्लीत हा अनुभव निम्म्या लोकांना आहे. मला तर फारच आहे, कारण मी सुईला भितो आणि ते गल्लीभर माहीत आहे.

आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण पांढरी साडी आणि चालण्यातली घाई तशीच राहिली. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, त्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं आणि जर्मनीला धाडलं. तो त्यांना आक्का म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा.

मी त्यांचा शेजारी. भिंतीला भिंत. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास, त्यामुळे मी त्यांचा "सर". हे "सर" त्या अशा सुरात म्हणायच्या, की आपण मोठे आहोत की आपली टिंगल चालली आहे, हे कळायचं नाही.

तर एका सकाळी आक्का पदराखाली काहीतरी झाकून क्लासमध्ये आल्या. पदर बाजूला केला, तर आत लॅपटॉप. दहा इंची, वहीएवढा. एके काळी कॉलेजची पोरं असले चिमुकले लॅपटॉप मिरवायची. भाऊ परदेशी जाताना तो घरी ठेवून गेला होता आणि आक्का दर रविवारी तो पुसून परत कपाटात ठेवायच्या. उघडला कधी नव्हता.

"सर, ह्यात वाय-फाय चालू करा. बारसं हाय."

भावाला मुलगी झाली होती. मी पेढ्याचं विचारलं, त्यांनी दुर्लक्ष केलं. म्हटलं, "आक्का, ह्या म्हाताऱ्याला कशाला त्रास? माझा फोन घ्या. नाहीतर माझा नवा लॅपटॉप घ्या, केवढा मोठा पडदा आहे!"

"तुमचा पाळण्यात मावतो का?"

"पाळण्यात?"

"मग नाव कुठं ठेवत्यात, टेबलावर?"

तुम्हाला ठाऊकच आहे, बारशात आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायचं आणि तेवढ्या वेळात बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. आक्कांनी सगळा बेत ठरवला होता. जर्मनीत बाळ पाळण्यात असेल आणि भाऊ बाळाच्या कानाशी फोन धरेल. इकडं परंड्यात दुसरा पाळणा असेल. त्यात वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, अंथरून हा लॅपटॉप निजवायचा. पडद्यावर बाळ दिसेल. आक्का त्यात वाकतील. फोन पाळण्यात ठेवला तर वाकळीत बुडतो, मोठा लॅपटॉप आडवा अडकतो. दोन्ही त्यांनी घरी मापून बघितलं होतं, लॅपटॉपच्या जागी पाट घेऊन.

मी हसलो. हसायलाच नको होतं.

"हसा," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "भावाचा फोन आला होता. म्हणतो, आक्का, तिकडच्या नेटचा काय भरवसा न्हाय. इथं आफिसातल्या एक ताई हाईत, त्या ठेवतील नाव. तू मागून निवांत बघ." त्यांनी पदरानं लॅपटॉप पुसला. "सर, दुसऱ्यांची बाळंतपणं करण्यात माझा जलम गेला. पयल्यांदा लेकरू माझ्या हातात यायचं. आन नाव ठेवायच्या टायमाला कुणाची ना कुणाची आत्या यायची आन मी भिंतीकडं सरकून उभी राहायची. आता मी आत्या झालेय. तर ही आफिसातली बाई कोण?"

मी तो लॅपटॉप ओढून घेतला.

तो चालू व्हायला एवढा वेळ लागला की चहा मागवला, आला, पिऊन झाला. आतली जुनी विंडोज व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की मान टाकायची. मी ती पुसून टाकली आणि फुकटात मिळते ती हलकी लिनक्स घातली. यंत्र तरतरीत झालं. पण वाय-फाय? वाय-फायचं चिन्हच नाही! शोधलं तर कळलं, ह्याच्या वाय-फायच्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटासा प्रोग्राम, लागतो. तो कुठं मिळतो? इंटरनेटवर. मी आक्कांना समजावून सांगितलं, की वाय-फाय चालू करायला आधी इंटरनेट पाहिजे.

"म्हंजी आजारी माणसानं दवाखानाच उचलून घरी आणायचा व्हय?"

"तसंच काहीसं."

"कुणी बनवलं हे? त्याला आणा माझ्याकडं, सुई देते."

शेवटी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लांब वायर ओढली. क्लासच्या पोरी त्या वायरीवरून उड्या मारत ये-जा करत होत्या आणि आक्का दारात उभं राहून, "वायरीला पाय लावू नका गं, सलाईन चाललंय!" असं ओरडत होत्या. ड्रायव्हर उतरला. यंत्र बंद करून परत चालू केलं. आणि कोपऱ्यात ते चिन्ह उगवलं हो! माझ्या राउटरचं नाव दिसलं, पासवर्ड घातला, वायर उपटली आणि पहिलं पान धाडकन उघडलं. मी खुर्चीतून उठून ओरडलो. आक्कांनी लॅपटॉपवरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. यंत्राची दृष्ट काढलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

त्यांच्या घरात टेबलावर ठेवून बघितलं, तिथंही झकास. भावाशी बोलणं झालं. "आता आफिसातल्या ताईला सांग, घुगऱ्या खायाला ये म्हणावं, नाव ठेवाया न्हाय," असं आक्कांनी ऐकवलंसुद्धा.

बारशाच्या दुपारी आक्कांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं. आक्का कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये जर्मनी दिसत होती, तिकडची सकाळ, तिकडची चार माणसं आणि ती ऑफिसातली ताई, छान पैठणी नेसून. आक्कांनी तिला डोळे भरून बघून घेतलं. दोन्हीकडं मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. तिकडचा आवाज थोडा मागून यायचा, तेवढा सोडला तर सगळं सुरळीत.

मग आक्कांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, मान सावरावी तसा पडदा सावरत, आणि पाळण्यात निजवला. पायापाशी वाकळीची घडी नीट खोचली.

जर्मनी गेली.

पडद्यावर बाळाचा अर्धा गाल तसाच थिजला, मग तोही गेला. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी लॅपटॉप उचलला, टेबलावर ठेवला, बंद केला, चालू केला. वाय-फाय नाही. ज्या चिन्हासाठी एवढं रामायण केलं, ते चिन्ह विझलेलं! राउटर बघून आलो, तो ठणठणीत. इतक्यात आक्कांचा फोन वाजला, भाऊच. तो घाबरलेला. बाळ पेंगायला लागलं होतं, भाड्यानं घेतलेला हॉल रिकामा करून द्यायची वेळ झाली होती. "आक्का, ताई म्हणतायत, त्या सांगतील कानात. चालेल ना?"

आक्कांनी फोन कानाला धरून माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं सरकून उभ्या राहिल्या.

माझं डोकंच फिरलं. यंत्रांवर मी नेहमीच चिडतो, पण इतका कधी चिडलो नव्हतो. लॅपटॉप उचलला, उलटा केला, आता ह्याला दोन फटके देणार, एवढ्यात पुढच्या कडेला एक लाल दोरा लोंबताना दिसला. वाकळीचा दोरा. तो एका इवल्याशा खटक्यात अडकला होता. अरे देवा! ह्या जुन्या लॅपटॉपांना वाय-फाय चालू-बंद करायचा खटका पुढच्या कडेला असायचा! वाकळ खोचली, तिनं खटका सरकवला, वाय-फाय बंद. मी खटका मागं सरकवला. त्याशेजारचा दिवा निळा झाला.

"आक्का, फोन ठेवू नका! थांबवा त्यांना!"

"थांब रे!" आक्का फोनात अशा ओरडल्या, की जर्मनीला फोनशिवायच ऐकू गेलं असावं.

कॉल लागला. लॅपटॉप पाळण्यात ठेवला. कॉल परत गेला! खटका म्हातारा, ढिला, वाकळीला टेकला की सरकायचा.

"आक्का, वाकळ काढा."

"आन बाळाला उघड्या फळीवर निजवू?"

"आक्का, तो लॅपटॉप आहे!"

"तुमाला लॅपटॉप दिसतोय. मला भाची दिसतेय."

आता वाद घालायला वेळ नव्हता. मी पाळण्यात हात घातला, खटका अंगठ्यानं दाबून धरला आणि अंगठा सरकू नये म्हणून स्वतःही अर्धा पाळण्यात वाकलो. जर्मनी आली. दुसऱ्या बाजूनं आक्का वाकल्या. आमची डोकी एकमेकांवर आपटली. वर पाळण्याच्या दांडीला झेंडूची माळ, ती माझ्या कानात. बायकांना तर निमित्तच पाहिजे होतं. त्यांनी धपाटे सुरू केले आणि त्या गर्दीत आक्कांची पाठ कुठली आणि माझी कुठली, हे बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सगळ्यात जोराचा धपाटा माझ्या बायकोचा होता, तो मी बरोब्बर ओळखला.

"कुर्रर्र," आक्का म्हणाल्या. मग पडद्याला ओठ टेकतील इतक्या जवळ जाऊन, "संघमित्रा."

तिकडं टाळ्या झाल्या. इकडं दंगा झाला. आक्का तशाच वाकलेल्या. त्या बाळाला हळूच समजावत होत्या, "ह्या नावाची सम्राटाची लेक, ती बी धम्म घेऊन समुद्रापार गेली होती बरं का. तुला बी तिकडंच राहायचंय." त्यांच्या डोळ्यातलं पाणी माझ्या मनगटावर पडलं. मला इतका आनंद झाला होता, की पाठ मोडली तरी चाललं असतं.

पडद्यावरचं बाळ झोपलं. मी म्हटलं, "आक्का, सोडू का आता?"

"हलू नका सर. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी हललो नाही. बायकोनं मला तिथंच वाकलेल्या अवस्थेत घुगऱ्या भरवल्या आणि समोरच्या काकूंनी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर आक्कांनी खटक्यावर जखमेवरची पांढरी चिकटपट्टी लावून टाकली होती. खटका गच्च. म्हटलं, "हे काल सुचलं असतं तर?"

"काल तुमचा अंगठा होता की."

त्यानंतर रोज दुपारी भिंतीपलीकडून "कुर्रर्र" ऐकू यायचं. पोर बसायला लागली, रांगायला लागली, बोलायला लागली, आणि प्रत्येक कॉल संपताना पडद्यातल्या आत्याकडून "कुर्रर्र" करून घेतल्याशिवाय ती हटायची नाही. मग भाऊ आक्कांना घेऊन जायचं म्हणायला लागला. त्या नाही-नाही करत तयार झाल्या. आता त्या तिकडंच असतात. घराला कुलूप आहे, दुपारी भिंतीपलीकडं काही वाजत नाही आणि गल्लीत कुणाला इंजेक्शन घ्यायचं झालं तर दवाखान्यात जावं लागतं. मला त्यांची आठवण येते. स्पष्टच सांगतो, फार येते.

पण आक्का आठवल्या की मला दिसतो तो आमचा एसटी स्टँड. भाऊ त्यांना न्यायला येणार होता, त्याची बायको जर्मनीतच राहिली होती, तो आणि पोर दोघंच. कुर्डुवाडीहून येणाऱ्या गाडीची आक्का सकाळपासून वाट बघत होत्या आणि मी सोबतीला. गाडी आली. भाऊ उतरला, मागून संघमित्रा. आक्का हात पसरून पुढं झाल्या, तर पोर बापाच्या पायामागं लपली.

बरोबरच होतं. तिनं आत्या बघितली होती ती फक्त खांद्यापर्यंत, वहीएवढ्या चौकटीत. ही पूर्ण उंचीची, चपला घातलेली, घामाघूम झालेली बाई तिला कोण? भाऊ तिला पुढं ढकलायला लागला. आक्कांनी हात खाली घेतले.

"राहू दे रे. जबरदस्ती नको. मशीनमधली आत्या येगळी, ही येगळी," असं म्हणत त्या दोन पावलं मागं सरकल्या.

पोर बघत राहिली. साडीकडं, चपलांकडं, मग वर चेहऱ्याकडं. गाडीचा कंडक्टर ओरडत होता, लोक पिशव्या घेऊन आमच्यामधून जात होते. ती बापाचा पाय सोडून सरळ चालत आली, आक्कांच्या पुढ्यात उभी राहिली, एका हातानं केस मागं केले आणि कान पुढं केला.

आक्का मटकन गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

धपाटे घालणं हे बायकांचं काम, मला कळतं. पण तिथं दुसरं कुणीच नव्हतं. मी पुढं झालो आणि भर एसटी स्टँडवर आक्कांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.