कोपरभर खोल पाणी

प्रिय ॲल्विन, तुझं पाणी अजून माझ्या गाडीत आहे. दाराच्या कप्प्यात, संत्र्याच्या रसाच्या बाटलीत, टोपण घट्ट लावून. आज पुन्हा त्या दुकानावरून गेले. थांबले नाही. पुढे काय लिहावं ते सुचत नाही, तेव्हा ॲडलेडला हवा कशी आहे ते कळव.

हे पत्र नोएला क्रिब गाडी चालवता चालवता मोठ्यानं म्हणते आणि घरी पोचली की किटली चढवते. कागदावर ते कधी उतरलेलं नाही. जन्मभर शाळेची हेडबाई असलेल्या बाईला चार ओळी लिहिणं जड जावं, यावरून काय ते समजून घ्यावं.

ॲल्विन पर्टेल तिचा शेजारी. इप्सविचमधला दातांचा डॉक्टर. गावातल्या निम्म्या लोकांची तोंडं त्यानं आतून पाहिलेली, त्यामुळे बाजारात त्याला पाहिलं की लोक हसताना ओठ मिटून घेत. बायको गेली, मुलगी ब्रॉन लग्न करून ॲडलेडला गेली, दवाखाना विकला. मग उरला तो मागच्या अंगणातला पोहायचा तलाव. डोळ्यांना न चुरचुरणारं, अश्रूंइतपत खारट पाणी. गल्लीतली पोरं शाळा सुटली की कुंपणाच्या फाटकाशी टॉवेल घेऊन हजर. ॲल्विन स्वतः रोज सकाळी उतरायचा, आणि थंडीत पाणी बर्फासारखं गार झालं की काठावर बसून नुसते पाय बुडवायचा.

पाणी राखायचं यंत्र शेडच्या भिंतीवर होतं. दिवे असलेला एक डबा, आणि त्याच्याखाली पारदर्शक नळी, जिला सगळे सेल म्हणतात. नळीत पातळ धातूच्या पट्ट्या उभ्या. त्यांच्यामधून खारं पाणी गेलं की मिठाचं क्लोरीन होतं, क्लोरीन घाण मारतं आणि पुन्हा मीठ होऊन बसतं. ॲल्विन त्या पट्ट्यांना दात म्हणायचा. त्यांच्यावर पांढरं किटण चढलं की सेल काढून पाणी घातलेल्या ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवायचा, फसफस थांबली की लगेच बाहेर.

"जास्त घासलंस की एनॅमल जातं, हेडबाई," तो कुंपणावरून म्हणायचा. "आणि एनॅमल गेलं की परत येत नाही. माणसाचंही नाही, याचंही नाही."

"तुझ्या पेशंटांना हे सांगितलं असतंस तर तुझा धंदा बसला असता."

"म्हणून तर त्यांना सांगितलं नाही!"

जुलैत त्याचा खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, पण चालणं परत आणायचं तर पाण्यात चालायला हवं असं हॉस्पिटलातल्या लोकांनी सांगितलं. पाणी वजन उचलतं, सांध्यावर भार येत नाही. ब्रॉननं फोनवर अट घातली: ख्रिसमसला मी येईन तेव्हा बाबा स्वतःच्या पायावर दारात दिसले तर ठीक, नाहीतर त्यांना ॲडलेडला घेऊन जाणार. ॲल्विनला हे घर सोडायचं नव्हतं. घर म्हणजे काय, तलावच.

"तलाव मी बघते," तो व्यायामाच्या वॉर्डात राहायला निघाला तेव्हा नोएला म्हणाली. "तू फक्त लवकर ये."

"यंत्राला हात लावायच्या आधी बाटली भर. कोपरापर्यंत हात घालून, बाटली उलटी नेऊन, खाली गेल्यावर सुलटी करायची. वरचं पाणी घ्यायचं नाही, वरचं पाणी खोटं बोलतं. तलावाच्या दुकानात ने, ते फुकट तपासतात. ते सांगतील तेवढंच कर."

"झालं? का वहीत लिहून घेऊ?"

"तू माझ्या वर्गात बसली असतीस तर मी तुला बाहेर काढलं असतं," तो म्हणाला आणि त्याची गाडी निघाली.

इथल्या ऑगस्टच्या थंडीत डब्यावरचा मीठ कमी असल्याचा दिवा लागला. आता इथल्या कोणत्याही शहाण्या माणसाला माहीत असतं की पाणी गार झालं की यंत्र मीठ कमी दाखवतं आणि ऊन आलं की आपोआप गप्प बसतं. नोएलालाही हे कुणीतरी कधीतरी सांगितलं असणार. पण दिवा म्हणतोय मीठ कमी, मग दुकानात कशाला जायचं? तिनं मिठाच्या गोण्या आणून ओतल्या. दिवा हटला नाही. सेल उघडून पाहिला तर थोडं किटण होतं. मग तिनं ॲसिड काढलं, पाणी अंदाजानंच घातलं, सेल बादलीत ठेवला आणि बहिणीचा फोन आला म्हणून आत गेली. बाहेर आली तर पट्ट्या चांदीसारख्या चमकत होत्या. तिला फार समाधान वाटलं. पुढच्या आठवड्यात दिवा लागला तेव्हा पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्यातही.

सप्टेंबरमध्ये ऊन चढलं आणि पाणी हिरवं झालं. नोएलानं पाणी उलटं फिरवून फिल्टर धुतलं, घाण पाणी रस्त्याकडे सोडलं आणि नळीनं तलाव पुन्हा भरला. आणि हे असं सढळ हातानं, परत परत. कामाला लागली की तिला थांबता येत नाही. पाणी हिरवंच.

ॲल्विन अजून व्यायामाच्या वॉर्डात होता. त्यानं फोनवर एवढंच म्हटलं, "बाटली नेलीस?"

बाटली भरलेली होती. खरोखर, कोपरापर्यंत हात घालून. शनिवारी ती दुकानापर्यंत गेलीही होती. आत लांब रांग, आणि काउंटरमागे टायसन व्हीलर, ज्याला तिनं शाळेतून काढलं होतं. आता दाढी, दंडावर गोंदण, आणि सगळ्यांशी गप्पा. त्याच्यासमोर उभं राहून, "मी काय काय घातलं ते ऐक," असं सांगायचं? नोएलानं गाडी वळवली. रविवारी जाऊ.

"नेली," ती फोनवर म्हणाली.

"मग? काय म्हणाले?"

"सगळं ठीक म्हणाले. मीठ, ती उन्हापासून क्लोरीन वाचवणारी पूड, सगळं."

"पूडसुद्धा? अरे वा! मग पाण्यात काही खोट नाही. डबाच गेला असणार."

ती काही बोलली नाही. एवढंच झालं. त्या गप्प बसण्यालाच ती पुढे सगळ्यात जास्त भ्यायली.

घरी आल्यावर ॲल्विननं नवा डबा मागवला. तो यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर तो वॉकर घेऊन काठावर यायचा आणि संध्याकाळी क्लोरीन ओतवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन ते खाऊन टाकायचं, कारण पूड केव्हाच त्या सोडून दिलेल्या घाण पाण्याबरोबर रस्त्यावर वाहून गेली होती. पण पूड ठीक आहे, असं त्याला सांगितलेलं होतं. तेव्हा तो बाकी सगळं तपासत बसला. पंप उघडला, फिल्टर उघडलं. पाणी गढूळच; पायऱ्या दिसेनात. नवा खुबा घेऊन न दिसणाऱ्या पायरीवर कोण पाय ठेवील?

"आपण दुसरी बाटली भरून पुन्हा तपासून घेऊ या का?" त्यानं एकदा विचारलं.

"एकदा केलंय ना! त्यांच्याकडे काय चुकतं?" ती फटकन म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला. त्यानं हसून विषय सोडला.

नवा डबा बसला, तरी क्लोरीन तयार होईना. मग ॲल्विननं सेल काढून घेतला आणि खुर्चीत बसून उन्हाकडे धरला. नोएला स्कोन, म्हणजे लोणी लावून खायचे छोटे पाव, घेऊन आली होती. पट्ट्यांवरचा काळसर मुलामा गेला होता. नुसता राखाडी धातू राहिला होता. तो एकेक पट्टी पाहत गेला. रोग्याचं तोंड तपासणारा डॉक्टर एकेक दात पाहतो, तसं.

"एनॅमल गेलंय," तो म्हणाला.

"जुना झाला असेल," नोएला म्हणाली.

"हो." त्यानं सेल मांडीवर ठेवला. "जुना झाला होता."

तो तिच्याकडे पाहत नव्हता, स्कोनकडे पाहत होता. आणि तिनं त्याच्या बशीत लोणी जरा जास्तच वाढलं.

ख्रिसमसला ब्रॉन आली. दारात वॉकर, वॉकरमागे बाबा, मागे हिरवा तलाव. तिनं आवाज चढवला नाही. "बाबा, आपलं ठरलं होतं."

"अगं, पाणी फसलं माझं."

"पाणी फसलं!" ब्रॉन नोएलाकडे वळली. "नोएला मावशी, तुम्ही तरी सांगा ना यांना."

नोएलानं तोंड उघडलं. आता सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "ब्रॉन बरोबर म्हणतेय, ॲल्विन. तिथे तुझी नातवंडं आहेत."

निघायच्या दिवशी तो गाडीत बसला, काच खाली केली आणि तिला जवळ बोलावलं.

"हेडबाई, एक काम कर. घर विकलं जायच्या आधी त्या पाण्याची एक बाटली भर आणि दुकानात ने. टायसनला म्हणावं नीट बघ. काय कमी होतं ते मला कळवशील? मला नुसतं कळायला हवंय."

"कळवते," ती म्हणाली.

"टायसन चांगला पोरगा आहे हं," तो काच वर करता करता म्हणाला.

टायसन तिथे असतो हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आपण गाडी वळवली ते याला कुणी सांगितलं का? की तो सगळ्या गावाचीच चौकशी करतो तशी ही? तिनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला.

त्याच संध्याकाळी तिनं बाटली भरली. कोपरापर्यंत हात घालून, उलटी नेऊन, खाली सुलटी करून. घर विकत घेतलेल्या नवीन लोकांनी फेब्रुवारीत तलाव बुजवला आणि वर गवत लावलं, तेव्हा त्यातलं तेवढंच पाणी उरलं. आता ते तपासून काही उपयोग नाही, गाडीच्या उन्हात त्यातलं जे काही होतं ते संपलं, हे तिला समजतं. दर रविवारी ॲल्विन फोन करतो, चाकांच्या खुर्चीतून नातवंडांच्या तक्रारी सांगतो आणि बाटलीबद्दल विचारत नाही.

गुरुवारी वाणसामान आणायला जाताना दुकान डाव्या हाताला लागतं. दारात मिठाच्या गोण्या रचलेल्या असतात, आत टायसन कुणाची तरी बाटली उजेडाकडे धरून उभा असतो. नोएला सिग्नल देते, वेग कमी करते, आणि मागच्या गाडीनं भोंगा वाजवला की सरळ जाते.