यादी सकाळची, माणूस दुपारचा

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात सलाइनची खोकी उघडून घेत होते. चामोर्शीहून तिचा भाऊ बोलत होता. लाइन इतकी खरखरत होती की त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला. सकाळी अंगणात तोंड धुतलं, दम लागला म्हणून ओट्यावर टेकली, आणि तिथंच... मी फोन ठेवून खोक्यांकडे गेले, मग बाहेर आले, मग परत आत. त्याला काही आठवडे झाले, पण माझं आत-बाहेर थांबलेलं नाही. हे लिहायला बसते आणि दोन ओळींत उठते.

चंद्रपुरातली आमची संस्था जंगलातल्या दवाखान्यांना औषधं पुरवते. मी तिथं औषधांचं काम बघते. परदेशातल्या कुणीतरी आम्हाला एक कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला आणि तो चालवायला सुजाता आली. वडील प्राथमिक शिक्षक, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. पोरगी शिकली पाहिजे हा वडिलांचा एकच हट्ट, त्यामुळे ती नागपूरला राहून कॉम्प्युटर शिकलेली. लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची एक झडप बिघडवली होती. डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितलेली, आणि ही कधी एका जागी बसलेली मी पाहिली नाही. जिना चढताना मध्येच थांबायची, कठड्याला धरून खिडकीबाहेर बघितल्यासारखं करायची. विचारलं तर म्हणायची, आज चिमण्या फार दिसून राह्यल्या.

आमचे दवाखाने ज्या दोन जिल्ह्यांत आहेत त्यांचा नकाशा तिनं पडद्यावर काढला. हातातला तो उंदीर सरकवत न्यायचा, दवाखान्याच्या ठिपक्यावर बटण दाबायचं, की तिथल्या तिथं एक छोटी चौकट उघडून त्या दवाखान्यात असलेल्या औषधांची यादी दिसायची. ती त्याला मेन्यू म्हणायची. पुढे त्या यादीवरच वायरलेसनं निरोप जाऊ लागले, कुणी कुठून काय आणायचं ते.

त्या पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी चढलेली होती. तिथल्या दवाखान्यात एक बाळंतीण हिवतापानं बेशुद्ध पडली आणि क्विनाइनची इंजेक्शनं संपलेली. आलापल्लीत आहेत, असा निरोप इथून गेला. भामरागडचे आरोग्यसेवक झुरूभाऊ डोंग्यातून नदी उतरले, बराच रस्ता चिखलातून चालले, पुढे लाकडाच्या ट्रकवर चढून आलापल्लीला पोचले. इंजेक्शनं सकाळीच संपली होती. ते रिकाम्या हातानं परतले. बाई वाचली नाही.

पाणी उतरल्यावर झुरूभाऊ चंद्रपूरला आले. ओरडले नाहीत. मशीनपुढे उभे राहिले आणि सुजाताला म्हणाले, “बाई, तुमच्या मशीनमंदी दवाई होती. आलापल्लीत नव्हती. मले कुठी पाठवलं तुमी?”

सुजाता उठून उभी राहिली होती. “यादी सकाळची होती भाऊ,” ती म्हणाली, “तुमी दुपारी पोचले.”

आठवडाभरानं ती समोरच्या हॉटेलात मला घेऊन गेली आणि चहा तसाच ठेवून पाटीकडे बोट दाखवत म्हणाली की, पाटीवर आलूबोंडा लिहिला आहे, पण आलूबोंडा कधीच संपला. आपला मेन्यू असाच आहे. मशीन सुरू होतं तेव्हा तो एकदा भरतो, मग दिवसभर तेच दाखवतो. वायरलेसवर आलेली नवी खबर मशीनच्या पोटात जाते, पण पाटीवर येत नाही. तेव्हा मेन्यू आधी भरून ठेवायचाच नाही. माणसानं बटण दाबलं की, चौकट दिसायच्या आधी, त्याच घटकेला तो ताज्या खबरीतून भरायचा.

म्हणायला सोपं होतं. पहिल्यांदा तिनं ते केलं आणि क्विनाइन यादीत दोनदा दिसलं, पुन्हा दाबलं तर तीनदा. जुनी नावं न पुसताच मशीन नवी खाली जोडत होतं. आमचे व्यवस्थापक साठा वाढला म्हणून खूश झाले, तेव्हा कित्येक दिवसांनी ती हसली. मग आधी रिकामं करायचं, मग भरायचं, हे जमलं. पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. संपलेलं औषध यादीतून पार काढून टाकायचं की ठेवायचं? काढलं तर यादी साफ दिसत होती. इथं कुणाला विचारून तिचं समाधान होईना. डॉक्टरांचं न ऐकता ती जीपनं भामरागडला गेली. मीही बरोबर होते. रस्त्यात दोनदा जीप थांबवून ती सागाच्या सावलीत बसली, ओठ निळसर पडलेले.

झुरूभाऊंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “नाव काढू नोका. नाव दिसलं नाई तर तुमी लोकं दवाई पाठवनंच इसरून जाल.”

म्हणून आमच्या पडद्यावर संपलेलं औषध पुसट अक्षरांत दिसतं. असतं ते ठळक.

पुढच्या पावसाळ्यात भामरागडला पुन्हा तसाच तापाचा पेशंट आला, शाळेतली एक मुलगी. आलापल्लीचं क्विनाइन पुसट झालेलं होतं, लाहेरीच्या दवाखान्यातलं ठळक. निरोप गेला. झुरूभाऊ लाहेरीच्या वाटेनं जाऊन घेऊन आले, आणि ती मुलगी पायानं चालत घरी गेली. ही खबर वायरलेसवर आली तेव्हा आम्ही सगळे खूश, पण सुजाता खिडकीपाशी उभी. मला म्हणाली, “पन निर्मला, वायरलेसच बंद पडला असता तं?” नागपूरच्या डॉक्टरांनी झडपेच्या ऑपरेशनला बोलावलं होतं. एवढा पावसाळा जाऊ दे, असं तिनं परस्पर कळवून टाकलं. शेवटी भावानं जबरदस्तीनं आरामासाठी चामोर्शीला नेलं. तिच्याइतकी घाई तिच्या आजाराला होती, हे आम्हाला समजलं नाही... की तिला एकटीला समजलं होतं?

मागच्या आठवड्यात चामोर्शीला गेले. तिची आई धानाच्या बांधावरून नुकतीच आली होती, पाय चिखलानं भरलेले. अंगणात सुजाताची सायकल भिंतीला टेकलेली होती, हँडल वाकडं, चाक फाटकाकडे वळलेलं. स्टँड लावण्यापुरतंसुद्धा थांबायला तिला वेळ नसायचा, आई सांगत होती, आली की भिंतीवर लोटून द्यायची. पाऊस येईलसं वाटलं म्हणून मी सायकल ओसरीत घेतली, आणि पायानं स्टँड खाली ओढला.

“स्टँडवर नको लावू, बाई,” आई म्हणाली. “टेकूनच राहू दे.”

मी स्टँड वर केला आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकवली.