वहीतलं नाव

वाचनालयात दुपारी मी बायकांना इंग्रजी शिकवते. आज साधा भूतकाळ होता. घरातल्या एका माणसावर पाच वाक्यं लिहा आणि सुरुवात नावाने करा, असं मी सांगितलं. परदेशातल्या नातीशी बोलता यावं म्हणून शिकणाऱ्या सिंधूताईंचं पेन थांबलं.

"बाई, नावानेच करायची?"

"हो," मी फळा पुसता पुसता म्हणाले.

नंतर वही पाहिली. मधुकर चार वाजता चहा प्यायचे, असं पहिलं इंग्रजी वाक्य गोल, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं. मधुकर म्हणजे दिवाळीआधी वारलेले त्यांचे यजमान.

"लग्नातल्या उखाण्यानंतर आज पहिल्यांदा यांचं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "जन्मभर नुसतं 'अहो'."

'अहो' म्हणायला माणूस समोर लागतो. नाव मात्र माणूस नसतानाही लिहिता येतं. हे मी किती सहज लिहायला लावलं! चूक सुधारायला उघडलेलं लाल पेन मी मिटून ठेवलं.

"उखाण्याच्या वेळी नाव ऐकून लाजायला हे शेजारी बसले होते," सिंधूताई म्हणाल्या आणि दुसरं वाक्य लिहू लागल्या.