गाडीचं सोवळं

आमच्याकडे सगळं शुद्ध लागतं. तूप शुद्ध, भाषा शुद्ध आणि समोरच्याचे हेतूसुद्धा. आमच्या ह्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. त्यामुळे चूक दिसली की हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. लग्नपत्रिका आली तर आधी ती तपासून होते, मग लग्न कोणाचं ते बघतात. माझ्या सरबतात लिंबाची बी निघाली, तर ती चमच्यात घेऊन मला दाखवली जाते.

अशा माणसाने निवृत्तीनंतर जुनी व्हॅन घेतली. नारायण पेठेत सायकल टेकवायला भिंत मिळत नाही, तिथे ह्यांनी व्हॅन लावली आणि शेजाऱ्यांना भांडायला कायमचा विषय दिला. तेही निभलं असतं. पण गेल्या पावसाळ्यानंतर मेकॅनिकने इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं आणि ह्यांना ते रंगीत पाणी बघवेना. रंग घालतात तिथे काहीतरी लपवायचं असतं, असं त्यांचं मत. त्यांनी ते काढायला लावलं, टाकी धुऊन घेतली आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कॅन भरभरून आणून ओतलं. मेकॅनिकने कपाळाला हात लावला, पण गिऱ्हाईक पुणेकर आहे हे ओळखून तो गप्प बसला.

दुसऱ्याच दिवशी स्टेअरिंगपुढे एक लाल दिवा लुकलुकायला लागला. त्याचा अर्थ, टाकीत पाणी नाही. टाकीत पाणी होतं, रेघेच्या वर होतं, बाहेरून दिसत होतं. ह्यांनी आणखी शुद्ध पाणी घातलं. दिवा लुकलुकतच राहिला. हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसणाऱ्या आमच्या मुलाने फोनवरच निदान केलं की गाडी विका. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी बोनेटमध्ये डोकावून दिवा या संकल्पनेवरच शंका घेतली. इंजिन गरम होत नव्हतं, काटा जागचा हलत नव्हता, पण दिवा म्हणतो म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून गाडी गल्लीबाहेर न्यायची नाही असा निर्णय झाला. रोज सकाळी हे चावी फिरवून दिव्याचं दर्शन घेत आणि आंघोळीला जात.

या संशोधनात माझं एकच काम अडलं होतं. माझी ताई सासवडला एकटी राहायची. तिचा मुलगा तिला कायमचं बंगळुरूला नेणार होता, घराचा व्यवहारही झाला होता. ताईने फोनवर सांगितलं होतं, जायच्या आधी एकदा ये, मागच्या ओट्यावर दोघी बसू. त्या ओट्यावर तिने मला माझी बाळंतपणं, सासूशी झालेली भांडणं, सगळं बोलू दिलं होतं. आईनंतर मला तेवढी एकच जागा होती. दर रविवारी मी पिशवी भरायची, दिवा लुकलुकायचा आणि मी पिशवी रिकामी करायची. स्वारगेटहून एसटीने जाते म्हटलं, तर ह्यांचा चेहरा पडायचा. दारात गाडी असताना त्यांची बायको एसटीने जाणार, हे त्यांना सहन होईना. दारात गाडी होती म्हणूनच मी दारात होते, हे त्यांना कोण सांगणार.

शेवटचा रविवार आला. सोमवारी ताईचं सामान हलणार होतं. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, आज मी जाणार आहे. कशाने, ते तुम्ही ठरवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चावी घेतली. पिशवीत ताईसाठी सरबताची बाटली होती. तिला लहानपणापासून खारट सरबत आवडायचं, म्हणून मीठ मुक्त हाताने घातलं होतं. घाईत गाळायचं राहिलं होतं.

स्वारगेटच्या सिग्नलला आमच्या शेजारी सासवडची एसटी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मार्केट यार्डाच्या गेटापर्यंत दिव्याने ह्यांचा धीर पूर्ण खचवला. या दिव्यानिशी दिवेघाट चढायचा नाही, असं म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं, इंजिन निवू दिलं, टाकीचं झाकण काढलं, कॅनच्या तळाशी उरलेलं ओतलं. दिवा लुकलुकतोच आहे. मग मला दिव्यावर लक्ष ठेवायला सांगून हे रिकामा कॅन घेऊन डिस्टिल्ड वॉटर शोधायला गेले. आजूबाजूला कांद्याचे ट्रक, बटाट्याची पोती, भेंडीचे ढीग. अख्ख्या शहराचं पोट भरेल एवढं सगळं होतं, फक्त शुद्ध पाणी नव्हतं.

मी लक्ष ठेवलं. दिवा लागत होता, विझत होता. ताई आता ओट्यावर येऊन बसली असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. मग रडण्याचाच संताप आला. मी खाली उतरले, पिशवीतून बाटली काढली आणि सगळं सरबत त्या टाकीत रिकामं केलं. पी बाई, म्हटलं, तुझं एकदाचं समाधान होऊ दे.

आत येऊन बसले तर दिवा बंद.

हे हात हलवत परत आले. दिवा बघितला, बोनेटपाशी जाऊन वाकले, बराच वेळ टाकीत बघत राहिले. मग झाकण लावलं आणि आत बसून म्हणाले की यंत्राला थोडी विश्रांती दिली की ते आपोआप सुधारतं. मी मान डोलावली. घाट आम्ही एका दमात चढलो.

ताईचे डबे बांधून झाले होते. मागच्या ओट्यावर आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो. मी तिला सरबताचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हे पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तपासत बसले होते. एकदाही चला म्हणाले नाहीत.

मुलाने पुढे कुठूनतरी शोधून काढलं. टाकीत दोन खिळे असतात, पाण्यातून वीज गेली तरच दिव्याला पाणी कळतं, आणि अगदी शुद्ध पाण्यातून ती जवळजवळ जातच नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोष दिव्याचाच." मग त्याने विचारलं, त्या दिवशी तो बंद कसा झाला? मी भाजी निवडत होते, ती आणखी मन लावून निवडायला लागले. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली, टाकी धुऊन घेतली आणि स्वतःच्या तोंडाने हिरवं कूलंट भरायला सांगितलं. घरी आल्यावर खिशातून लाल पेन काढलं, मग कागदाची एक पुडी काढून माझ्यापुढे स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. आत लिंबाची बी होती.

"मार्केट यार्डातच दिसली होती," हे म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.