लोखंडाचा कीस

आमच्या दादाला कशाचाही कीस काढता येतो. लोखंडाचा तर तो लेथवर रोज काढतोच, पण चहात साखर कमी पडली एवढ्यावरही तो दुपारपर्यंत बोलू शकतो. चौक गावाला जुन्या हायवेच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे. टेंपोच्या पिना आणि बुश बनवतो. दादा मोठा म्हणून मशीन त्याचं, मी धाकटा म्हणून झाडू माझा.

झाडताना कळायचं की आम्ही पिना कमी आणि कीस जास्त बनवतो. दादा जाडजूड सळई आणायचा आणि तिच्यातून बोटाएवढी पिन काढायचा. बाकीच्या लोखंडाच्या शेवया होऊन खाली पडायच्या. मी म्हणायचो, "दादा, पिनेच्या मापाजवळची सळई आण की."

"अरं, मोठ्यातनं बारीक व्हतं. बारक्यातनं मोठं केलंस कदी?"

मी परत झाडू उचलायचो. वर लोखंड थंड ठेवायला कूलंटचं पांढरं, तेलमिश्रित पाणी तो नळ सोडल्यासारखं सोडायचा. पाण्याशिवाय लोखंड ऐकत नाही, हे त्याचं ठाम मत. तो ओला कीस आम्ही शेडमागे टाकायचो आणि तिथला ढीग रात्रंदिवस निथळत राहायचा.

ढिगाच्या खालच्या अंगाला वहिनीचा तुकडा. बाकीची जमीन बंगलेवाल्यांना गेली, एवढी वहिनीच्या हट्टामुळे राहिली. तिचं माहेर कर्जतकडे, डोंगराच्या पायथ्याला. लग्नानंतर तिच्या आईने पदरात बांधून दिलेलं बियाणं ती या तुकड्यात लावते. घरात त्याला आयेचा भातच म्हणतात. आई आता नाही, आणि माहेरच्या त्या शेतात कुणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे. तो भात उरला आहे तो फक्त आमच्या शेडखाली.

गेल्या वर्षी रोपांची आवणी झाल्यावर वहिनी शेडच्या दारात आली. हातात पिवळी पडलेली रोपं होती.

"अवो, पाण्यावर तवंग हाय."

दादा सुरू झाला. तवंग डिझेलचा की ऑइलचा, हायवेवरून आला की ढिगातून, की मुळात तवंग म्हणायचं कशाला. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आयेचा भात गेला की मला म्हायेर राह्यलं नाय. मंग बसा कीस काढीत."

त्यानंतर तिने दादाशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. न बोलणाऱ्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा? दादा तापाने फणफणला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. माझं मत असं की पोटात साठलेलं बोलणं अंगावर आलं.

खालापूरला दवाखान्यात त्याला सलाईन लावली. तो नळीतला थेंब टक लावून बघत होता. मला वाटलं, घाबरला. तर म्हणाला, "माज्याएवड्या गड्याला थेंब थेंब पुरतो, तर त्या पिनेला नळ कशापायी रं?"

बरा झाल्यावर मेडिकलमधून सलाईनची कोरी नळी आणून त्याने लेथवर टांगली. नळीच्या वरच्या बाटलीत पांढरं पाणी नव्हतं, खायचं तेल होतं. "शेतात गेलं तरी खायचंच हाय," तो म्हणाला. तेल वहिनीच्या डब्यातलं, तिला न विचारता आणलेलं. विचारायची सोयच नव्हती.

पिन झकास उतरली. पण तापलेल्या लोखंडावर तेलाचा असा खमंग वास सुटला की एक ट्रक थांबला. "शेठ, भजी गरम है क्या?" ड्रायव्हरने विचारलं. गावातले लोकही येता-जाता लेथची तब्येत विचारू लागले. इकडे घरात डबा रिकामा दिसला आणि वहिनीचं मौन सुटलं. माझं त्याल, माझं त्याल करत तिने दादाची अशी काही हजेरी घेतली की विचारू नका. दादा बोलणी खात होता आणि हसत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग त्याने थेंब कमी केला, मशीन हळू केलं, आणि वास गेला. पुढे मापाजवळची सळईही आणली आणि त्यामागचा विचार मलाच समजावून सांगितला. मी मान डोलावली. कीस आता थोडा आणि कोरडा पडतो, पोत्यातून थेट भंगारात जातो. ओला ढीग आम्ही उचलला. उरलेलं पांढरं पाणी पिंपात बंद करून असलं सांडपाणी नेणाऱ्या गाडीच्या हवाली केलं.

पण त्या वर्षीचा भात उशिरा पोसवला होता आणि दाणा हलका होता. तेच बियाणं कणगीत पडलं. ते उगवेल की नाही, हे घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

यंदा पेरणीआधी वहिनीने त्यातलं मूठभर भिजवून फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी लेथजवळच्या फळीवर ठेवली. "हितं ऊब हाय," म्हणाली. मला वाटतं, तिला ती दादाच्या डोळ्यांसमोर हवी होती. दादा दर पिनेनंतर मशीन थांबवून गाठ सोडायचा.

"सारकं उघडू नका. मोड यायचा नाय."

एका सकाळी तिने स्वतःच गाठ सोडली. काही दाणे तसेच होते, काळपट. बाकीच्यांना पांढरे, नाजूक मोड आले होते. वहिनीने फडकं छातीशी धरलं.

"आली माजी आय," ती म्हणाली.

मी दादाकडे पाहिलं. आय की भात, कोण आली, कुठून आली, दिवसभर पुरेल एवढं त्या वाक्यात होतं. दादाने मशीन बंद केलं आणि डोळे पुसले. त्या शब्दाचा त्याने कीस काढला नाही.