डाव्या चाकातला आवाज

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही आष्टीहून निघालो. गाडीत मी आणि बाबा, दोघंच. उमापूरच्या आत्याकडे बाबा दर वर्षी स्वतः गाडी चालवत जातात. यंदा त्यांचा उजवा खांदा धरला होता, म्हणून गाडी चालवायला मी पुण्याहून आले होते. गाडी वीस वर्षांची.

गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर डावीकडून ‘कट्’ असं वाजलं. पुढच्या वळणावर पुन्हा.

“बाबा, काय वाजतंय हे?”

“जुनी गाडी आहे. चालायचंच.”

दोन्हीकडे कापूस फुटला होता. टोळ्यांचे (ऊसतोड मजुरांच्या गटांचे) ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघाले होते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये माणसं. माझं बघण्यात लक्षच नव्हतं. कान चाकाकडे लागले होते.

शिरूर ओलांडल्यावर उतार लागला. पुढे अशीच एक भरलेली ट्रॉली. मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातात थडथड उडायला लागलं. पाय काढला की शांत, दाबला की पुन्हा तेच. बाबांनी दारावरचं हँडल धरलं, पण एक शब्द बोलले नाहीत. एरवी ते मला गिअर कधी बदलायचा तेसुद्धा सांगतात. त्यांच्या त्या गप्प बसण्यानंच मी जास्त घाबरले.

रडतखडत चकलांब्याला पोचलो. ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक शेड उघडं दिसलं. टोळ्या निघायच्या दिवसांत तिथं सणाची सुट्टी नसते. भानुदास मिस्त्री हात पुसत बाहेर आले.

“ताई, आवाज कवा येतो? वळताना का खड्ड्यात?”

“वळताना. आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं.”

“बसायचं शीट हालतं का?”

“नाही.”

“मंग म्होरच्या चाकात हाय.”

त्यांनी जॅक लावून डावं चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक जागच्या जागी डुगडुगलं. चारपैकी तीन नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवले. तो उतार डोळ्यांसमोरून हलेना.

“ह्ये चाक कुणी बदललं?”

“कुणीच नाही,” मी म्हणाले.

“मी,” बाबा म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. “परवा पंक्चर झालं होतं. स्टेपनी टाकली.”

मला ओरडावंसं वाटलं. ज्या हातानं जेवताना घास नीट उचलत नाही, त्या हातानं नट आवळले होते!

मिस्त्री मात्र रागावले नाहीत. “दुखऱ्या हातानं कावून (कशाला) केलं, काका? आन् चाक बदललं की पन्नासेक किलोमीटरवर नट परत बघावंच लागत्यात. लई जण इसरतात.”

त्यांनी आटे गेलेला एक बोल्ट बदलला, सगळे नट आवळले आणि स्वतः एक चक्कर मारून आले. “कटकट गेली. थरथर थोडी हाय. ब्रेकची डिस्क झिजून वाकडी झालीय, ती बदलून घ्या. तवर सावकाश जावा.”

उमापूरला पोचायला दुपारचे दोन वाजले. गावातली बरीच घरं कुलूपबंद होती; माणसं ऊसतोडीला गेली होती. आत्या उपाशीच उंबऱ्यात बसली होती.

“दादा, किती वाट बगायची रं?”

“रस्त्यात थांबलो जरा,” एवढंच बाबा म्हणाले. तिनं ओवाळलं. मग धपाटी (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) आणि दही पुढं आलं. मला दोन घासांवर जाईना.

दुसऱ्या दिवशी परतताना शिरूरला थांबून मी नट तपासले. घट्ट होते. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, “पंक्चरचं बोललो असतो तर तुम्ही पोरांनी किल्लीच काढून घेतली असती.”

माझ्या भावानं आणि मी दिवाळीनंतर गाडी विकायचं आधीच ठरवलं होतं. भावानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. बाबांना ते सांगायचं आम्ही टाळत होतो. आष्टी जवळ आली तसं मी सगळं सांगून टाकलं. फोनवर ते मला कधीच सांगता आलं नसतं. तो लहानसा प्रवास झाला नसता, तर दोघंही आपापलं लपवत राहिलो असतो.

घर येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

“विका,” ते म्हणाले. “पण आधी डिस्क बदलून घे. अशी गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही.”