पाणी गप झाल्यावर

उस्मानपुऱ्यातल्या ज्या दवाखान्यात माझी मुलगी सातव्याच महिन्यात जन्मली, त्याच्या फाटकाबाहेर एक बाई स्टोव्ह मांडून बसायच्या. पेशंटच्या नातेवाइकांना पाणी तापवून द्यायच्या. मुलगी काचेच्या पेटीत होती, रडतसुद्धा नव्हती. तिला दूध पाजायची वाटी आणि चमचा उकळून आणा, असं नर्सनं बजावलं होतं.

पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसले आणि मी लगेच चिमटा उचलला. बाई पाठमोऱ्या बसून भांडी घासत होत्या. न वळताच म्हणाल्या, “थांबा भाऊ, ती नुसती हवा निघायली. पाणी बोलायलंय तवर कच्चं हाय.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आधी विरघळलेली हवा सुटते, मग तळाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि वरच्या गार पाण्यात विरताना आवाज करतात, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. कान देऊन ऐकलं त्या दिवशी. सूंऽऽ करणारं पाणी हळूहळू गप झालं आणि मोठाले बुडबुडे वर येऊन फुटू लागले.

“आता घ्या,” बाई म्हणाल्या.

पुढं एका सकाळी मी धावतच बाहेर आलो. “मावशी, पोरगी रडली! लई जोरात!”

पहिल्यांदाच त्या वळल्या. राखेचे हात तसेच कपाळाला लावून म्हणाल्या, “लेकराचं उलटं असतंय भाऊ. ते बोलायलंय तवर चांगलं.”

मुलगी आता चार वर्षांची आहे, दिवसभर बडबडते. तिला “गप बस” म्हणायला माझी जीभ रेटत नाही.